मामांना मुंबई दाखवली, भाड्याच्या गाडीतून

ठाण्यात राहणारा माणूस मुंबईला कामाला जातो, मुंबई बघायला जात नाही. रविवारी कुणी मुंबईचं नाव काढलं तरी त्याच्या कपाळावर आठी येते. मुंबई बघायची वेळ त्याच्यावर येते ती गावाकडून पाहुणे आले की. यंदा दिवाळीच्या सुट्टीत बार्शीहून माझे मामा-मामी आले, सोबत त्यांचा नातू पार्थ. मामा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेत. रातराणी घेऊन मुंबईला ते कितीदा आले असतील याची गणती नाही, पण मुंबई सेंट्रलच्या डेपोतली विश्रांतीची खोली आणि समोरचा चहावाला एवढीच त्यांची मुंबई. मामींनी तर राजधानी टीव्हीवरच पाहिलेली. त्यामुळे या खेपेला दाखवायचीच, असं ठरलं.

प्रश्न होता कसं न्यायचं. लोकल हे पहिलं उत्तर. पण मामींचे गुडघे जिना म्हटलं की बोलायला लागतात, आणि रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक. चालकासकट गाडी घ्यावी तर तिथे आठ तास-ऐंशी किलोमीटरचं पॅकेज. त्यापुढे प्रत्येक तासाचे आणि किलोमीटरचे वेगळे पैसे, वर चालकाची घाई. आमच्याकडे स्वतःची गाडी नाही. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत माणसं कशीबशी मावतात, गाडी कुठे ठेवणार? गाडी चालवायला मात्र मला आवडतं. ऑफिसची गाडी अधूनमधून हातात असते. म्हणून सेल्फ-ड्राइव्ह गाडी भाड्याने घ्यायचं ठरवलं.

अ‍ॅपवर गाडी बघणं सोपं, ती मिळवणं तेवढं सोपं नाही. लायसन्सचे दोन्ही बाजूंचे फोटो, आधार आणि सेल्फी मागतात. माझं लायसन्स माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या. लग्न झालेल्या निम्म्या बायकांचं हेच असतं, पण अ‍ॅपला ते मान्य नाही. पडताळणी नामंजूर. कस्टमर केअरवरच्या मुलाला मी समजावून सांगितलं, त्याने आपुलकीने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच कागद चढवायला सांगितले. शेवटी पासपोर्ट कामाला आला, कारण त्यावर नवऱ्याचं नाव आहे आणि वडिलांचंही. ज्या बायकांकडे पासपोर्ट नसेल त्यांनी हे काम प्रवासाच्या आदल्या रात्रीवर ठेवू नये.

गाडी निवडताना मी भाड्याच्या आधी नंबर प्लेट बघितली. कायदेशीर सेल्फ-ड्राइव्ह गाडीची पाटी काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. अ‍ॅपवर पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे कुणाच्या तरी खाजगी गाड्याही झळकतात आणि त्या दोन-चारशे रुपयांनी स्वस्त पडतात. पण खाजगी गाडीचा विमा ती भाड्याने दिली असेल तर चालत नाही. ठोकर लागली तर दोन-चारशेची बचत कुठल्या कुठे जाईल. मी काळ्या पाटीची हॅचबॅक घेतली. भाडं साधारण अडीच हजार, वर परत मिळणारं डिपॉझिट, किलोमीटरची मर्यादा, आणि इंधन जेवढं भरून मिळेल तेवढंच भरून द्यायचं. नुकसानीपासून संरक्षण म्हणून शंभर-दीडशे रुपयांची एक जादा खूण करायला सांगतात, ती मी केली. पण त्यातली बारीक अक्षरं वाचली तर कळतं की ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान तरीही आपल्याच खिशातून जातं. टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग तर बहुतेकदा संरक्षणाबाहेरच.

आणखी एक अट मामांना अजिबात आवडली नाही. गाडी ज्याच्या लायसन्सवर घेतली त्यानेच चालवायची. "म्हणजे जलमभर गाडी हाकली ती म्या, अन् आता चालवणार तू?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही शेजारी बसा, कंडक्टर म्हणून." यावर मामी इतक्या हसल्या की मामांना गप्प बसावं लागलं.

शनिवारी संध्याकाळी कापूरबावडीजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर गाडी ताब्यात घ्यायला गेलो. तिथला पोरगा किल्ली हातात देऊन म्हणाला, "मॅडम, अ‍ॅपवर चार फोटो टाका, झालं." मामांनी किल्ली माझ्या हातातून घेतली आणि एसटीची गाडी डेपोतून बाहेर काढताना करत असतील तशी पाहणी सुरू केली. आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी, मग वाकून चारही टायर, मग बोनेट उघडून ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघितली. डावीकडच्या मागच्या दारावर हाताचा तळवा फिरवला आणि म्हणाले, "हितं रंग मारलाय. आधीचा डेंट हाये. लिहून घे." पोरगा म्हणाला, "काका, ते चालतं हो." मामा म्हणाले, "तुमाला चालतं. परत देताना आमाला चालंल का?"

मग मी मोबाइलवर सलग व्हिडिओ काढला. पुढचा बंपर, दोन्ही आरसे, चारही व्हील कॅप, मागचा बंपर, आतली सीट, मीटरवरचे किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा. डेंटच्या जागेवर मामांनी बोट ठेवलं तेही त्यात आलं. डिकीतली स्टेपनी मामांनी अंगठ्याने दाबून बघितली, ती मऊ लागली. हवा भरून आणल्याशिवाय गाडी हलवू देईनात. पोरगा वैतागला, पण पंपावर जाऊन भरून आला. मी तेवढ्यात एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून विमा आणि पीयूसी चालू आहेत का तपासलं. दोन्ही चालू होतं. एवढं होईपर्यंत पाऊण तास गेला. मला विचाराल तर हा पाऊण तासच सगळ्या प्रवासाचा विमा होता.

रविवारी उजाडता उजाडता निघालो. तीन हात नाक्यावरून हायवेला लागलो की पुढे आनंदनगरचा टोलनाका. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. त्याआधी 45 रुपये काढून ठेवणं हा ठाणेकरांच्या अंगवळणी पडलेला नियम होता. नाक्याजवळ आलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो, ती सवय अजून गेलेली नाही. पुढे हायवेच्या कडेने पत्रे आणि खोदकाम, कारण छेडानगर ते आनंदनगर उन्नत मार्गाचं काम चाललंय. मामा प्रत्येक पत्र्यामागे डोकावून बघत होते.

पार्थला मी सांगत होते की 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे याच्या उलट दिशेला, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला आली होती, 34 किलोमीटर. त्याने विचारलं, किती वेळ लागला? मी म्हटलं, सव्वा तासाच्या आतबाहेर. त्याने मोबाइलवर नकाशा बघून सांगितलं की संध्याकाळी याच रस्त्याला आपल्याला त्याहून जास्त लागेल. पोरं आजकाल मोठ्यांची लाज राखत नाहीत.

घाटकोपरला छेडानगरच्या पुलांच्या जंजाळात पूर्व मुक्त मार्गाची वाट सापडली की पुढचं सोपं. गाडीचा खरा उपयोग मला इथे पटला. लोकलमधून मुंबईत शिरताना दिसतात ते रुळांकडे पाठ केलेल्या इमारती आणि फलाट. मुक्त मार्गावरून मुंबईची पूर्व बाजू दिसते, जिथे पर्यटक म्हणून कुणी जात नाही. आधी देवनारकडची दाट वस्ती, मग जुळा बोगदा, तो ओलांडला की एकीकडे तुर्भ्याच्या टेकडीखालचं अणुसंशोधन केंद्र आणि माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या, पुढे वडाळ्याची मिठागरं, शिवडीची तिवरं, आणि मग बंदराची लांबच लांब गोदामं. कौलारू छपरांच्या मागून एखाद्या जहाजाचा धुराडा डोकावतो. मामींना ते जहाज आहे हे पटेना, "एवढी मोठी पाण्याची टाकी?" म्हणाल्या. हा 16.8 किलोमीटरचा रस्ता 2013 साली खुला व्हायला लागला. दुचाकीला बंदी, सिग्नल एकही नाही. मामांचं मत, "हितं गाडी झोपंत बी चालंल." मी त्यांना सांगितलं की तेच धोक्याचं आहे.

रस्ता ऑरेंज गेटपाशी पी. डिमेलो रोडवर उतरतो. पुढे मी ठरवूनच सीएसएमटीच्या दारात गाडी नेली नाही. बॅलार्ड इस्टेटमध्ये वळले. आठवड्याच्या इतर दिवशी तिथे सुई ठेवायला जागा नसते, पण रविवारी ऑफिसं बंद. रुंद रस्ते, झाडं, दगडी इमारती आणि पैसे देऊन पार्किंग. पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ नीट घातली आहे का ते बघून घ्यायचं, नाहीतर परत येईपर्यंत दर वाढलेला असतो. फोर्टमध्ये गाडीने फिरता येईल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गेटवेच्या आसपास गाडी लावायला जागा शोधून बघावी. एका वळणावर प्रवेश बंद, दुसऱ्यावर एकेरी वाहतूक, तिसऱ्यावर टोइंगची गाडी उभी. दक्षिण मुंबईत गाडी म्हणजे लग्नाला नेलेली सुटकेस, एका खोलीत ठेवावी आणि मग मोकळ्या हाताने मांडवात फिरावं.

सीएसएमटी चालत दहा मिनिटांवर. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत 1878 ते 1888 या काळात उभी राहिली, आणि 2004 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, 1893 ची. दोन्हींच्या मधल्या चौकात उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असं आहे. पार्थला दगडात कोरलेले प्राणी शोधायचा खेळ लागला. मामी मात्र माणसं बघत होत्या. मेगाब्लॉक असूनही फलाटावरून येणारा लोंढा काही आटला नव्हता.

मामांनी मात्र इमारतीकडे पाठ केली आणि शेजारच्या आझाद मैदानाकडे बघत उभे राहिले. 2021 च्या संपात एसटीचे कर्मचारी इथे येऊन बसले होते, एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण करा ही मागणी घेऊन. मामा तेव्हा नोकरीत होते. "हितं, त्या कोपऱ्यात आमचा बार्शी डेपो. थंडी पडली होती. समोर एवढं मोठं टेशन, पन वर बघायची इच्छा झाली न्हाई." मग लगेच म्हणाले, "चल, काय खायचं ते खाऊन घेऊ." स्टेशनसमोरच्या आरामचा वडापाव खाल्ला. ठाण्याच्या माणसाने मुंबईच्या वडापावचं कौतुक करू नये असा आमच्याकडे दंडक आहे, म्हणून एवढंच सांगते की पार्थने दोन खाल्ले.

पुढे मामींचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही टॅक्सी केली. भाड्याची गाडी पार्किंगला आणि आपण काळ्या-पिवळीत, हे मामांना काही केल्या पटेना. पण किमान भाडं 31 रुपये, आणि टॅक्सीवाला हुतात्मा चौकात दाराशी सोडतो. पार्किंग शोधत फिरण्यात जाणाऱ्या पेट्रोलपेक्षा ते स्वस्तच पडतं.

हुतात्मा चौकात कारंज्यावरची फ्लोरा आहे 1864 ची, आणि शेजारी मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. राजधानी दाखवायची तर सुरुवात खरं तर इथूनच करावी. 21 नोव्हेंबर 1955 ला याच भागात मोर्चावर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 106 जण गेले, आणि 1 मे 1960 ला मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. पार्थला शाळेत हे होतं, पण पुस्तकातल्या परिच्छेदाला जागा असते हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने विचारलं, "आत्या, म्हणजे नायतर मुंबई दुसऱ्याची झाली असती?" मामांनी त्याला दगडावर कोरलेली नावं वाचायला लावली, एक एक, मोठ्याने. एसटीच्या माणसाला पाट्या वाचून घ्यायची सवय असते बहुधा.

काळा घोडा चौकात आता काळा घोडा आहे, पण त्यावर स्वार नाही. हा पुतळा 2017 मध्ये बसवला. मूळचा, सातव्या एडवर्डचा, 1965 मध्ये इथून हलवला. पार्थला म्हटलं, तो आपल्याला दुपारी दुसरीकडे भेटेल. गेटवेला ऊन चढलं होतं. 26 मीटर उंच कमान, जॉर्ज विटेटने आखलेली, 1924 साली खुली झालेली. इंग्रज राजाच्या आगमनाची आठवण म्हणून बांधली आणि 28 फेब्रुवारी 1948 ला त्यांच्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. एवढा छान विनोद इतिहास क्वचित करतो. बाकी गेटवेवर रविवारी जे असतं तेच होतं: सुरक्षा तपासणीची रांग, फोटो काढून देणारे आणि कबुतरं. तिथे फार वेळ काढला नाही.

बॅलार्ड इस्टेटहून गाडी घेऊन जे. जे. पुलावरून भायखळ्याला निघालो. या पुलाची एक मजा आहे. तो मोहम्मद अली रोडवरच्या जुन्या चाळींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याला चिकटून जातो. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, कुंडीतली तुळस, दाढी करणारा माणूस, सगळं जवळून दिसतं. मामी पदर सावरून बसल्या, म्हणाल्या, "आगं, दुसऱ्याच्या घरात काय बघायचं!" आणि बघत राहिल्या.

राणीची बाग बुधवारी बंद असते, हे आधी बघून ठेवलेलं बरं. रविवारी उघडी असते, पण दुपारच्या वेळी पार्किंग भरलेलं. मी चौघांना गेटवर उतरवलं... म्हणजे तिघांना, आणि चौथी मी गाडी लावायला गेले. बऱ्याच फेऱ्यांनंतर एक गाडी बाहेर निघाली तेव्हा जागा मिळाली. आत पेंग्विन बघायला मोठी रांग. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, थंडगार काचेमागे पोहत असतात आणि त्यांच्यापुढे घामाघूम मुंबई. पार्थ खूश. मामींना पेंग्विनपेक्षा वातानुकूलित खोली जास्त आवडली आणि त्यांनी ते लपवलं नाही.

बाहेर आल्यावर वस्तुसंग्रहालयाजवळ पार्थला त्याचा खरा काळा घोडा भेटला, स्वारासकट. शेजारी दगडी हत्तीही आहे, घारापुरी बेटावरून आणलेला. पोर्तुगीजांनी याच हत्तीवरून त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. मुंबईत ज्या पुतळ्यांना जागा राहिली नाही ते भायखळ्याला येऊन थांबतात असं दिसतं.

आता मामांची फर्माईश. सगळा दिवस काही मागितलं नव्हतं, इथे म्हणाले, "मला वाहतूक भवन बघायचंय." एसटी महामंडळाचं मुख्यालय, महाराष्ट्र वाहतूक भवन, मुंबई सेंट्रलला डॉ. आनंदराव नायर मार्गावर आहे. कुठल्याच मुंबई दर्शनच्या बसमध्ये हे ठिकाण नाही, आणि टॅक्सीवाल्याने तिथे न्यायला तोंड वाकडं केलं असतं. स्वतःच्या हातात स्टिअरिंग असण्याचा फायदा मला याच ठिकाणी सगळ्यात जास्त जाणवला.

रविवार, त्यामुळे इमारत बंद. मामा गेटपाशी जाऊन पाटी बघत उभे राहिले. इथून निघालेली परिपत्रकं बार्शी डेपोच्या फळ्यावर लागायची. रजा, बदली, पगारवाढ, पगारकपात, सगळं इथून. चाळीस वर्षं ज्या पत्त्यावरून कागद येत होते तो पत्ता त्यांनी पहिल्यांदा बघितला. वॉचमन सावंतवाडीकडचा निघाला. त्याने विचारलं, "कोणत्या डेपोचे?" मामांनी सांगितलं आणि मग त्या दोघांनी एसटीच्या जुन्या लालपऱ्यांवर, त्यांच्या क्लचवर आणि नव्या इलेक्ट्रिक गाड्यांवर इतक्या गप्पा मारल्या की पार्थ गाडीत झोपून गेला. मामांच्या मते 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर निघालेली पहिली एसटी अजून कुठेतरी चालू असणार, फक्त तिचा नंबर बदललाय.

तिथून खाली नरिमन पॉइंटला. मंत्रालय आणि विधानभवन गाडीतूनच दाखवलं. रविवारी हा भाग इतका सुनसान असतो की मामी म्हणाल्या, "हितंच सगळं ठरतं ना? मग माणसं कुठं हायेत?" मामांनी सांगितलं, "माणसं सोमवारी येत्यात, फायली घेऊन."

मरीन ड्राइव्हला मात्र माणसंच माणसं. समुद्राकडे तोंड करून बसलेली रांग आणि समोर आर्ट डेको इमारतींची ओळ. ओव्हलच्या पलीकडच्या गॉथिक इमारती आणि या, दोन्ही मिळून 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा मी तिघांना उतरवून चर्चगेटच्या बाजूला एक फेरी मारून आले. ही युक्ती फक्त चालक एकटा राहायला तयार असेल तरच जमते. समुद्र त्यांनी पाहिला, मी सिग्नल पाहिले.

जिमखान्यांच्या पुढे किनारी रस्त्याच्या बोगद्याचं तोंड आहे. गिरगाव चौपाटी आणि मलबार हिलच्या खालून 2.07 किलोमीटरचा हा बोगदा ज्या यंत्राने खणला त्याचं नाव 'मावळा', व्यास 12.19 मीटर. बोगद्यात ताशी 60 ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत. भाड्याच्या गाडीत हे विसरायचं नाही, कारण चलान गाडीच्या मालकाच्या नावावर येतं आणि तो ते आपल्या डिपॉझिटमधून, स्वतःची हाताळणी फी लावून, कापून घेतो. बाहेर पडलं की डावीकडे समुद्र, उजवीकडे हाजी अली. मामी म्हणाल्या, "जरा थांब की, नमस्कार करते." इथे थांबता येत नाही. समुद्राचं एवढं सुंदर दृश्य आणि ते पायी चालणाऱ्याचं, गाडीवाल्याने नुसतं खिडकीतून बघायचं. मामींनी चालत्या गाडीतून नमस्कार केला. आधी दर्ग्याला, मग अंदाजाने महालक्ष्मीच्या दिशेला.

तसंच पुढे सागरी सेतू, टोल 100 रुपये. फास्टॅग गाडीवर असतो, पण त्यातले पैसे कंपनीचे. ते नंतर आपल्या बिलात येतात, म्हणून टोलचा मेसेज आला नाही तरी वेळ लिहून ठेवावी. वांद्र्याहून बीकेसी, तिथून चुनाभट्टीच्या पुलावरून पुन्हा पूर्व द्रुतगती मार्ग. आणि मग ठाण्याच्या दिशेला रविवारची संध्याकाळ. भांडुपपर्यंत बरं होतं, मुलुंडला गाड्या गोगलगाय झाल्या. पार्थने सकाळच्या रेल्वेचा हिशोब पुन्हा काढला. मामा म्हणाले, "क्लच अर्धा दाबून धरू नको, प्लेट जाईल." पूर्ण दिवसात त्यांनी माझ्या चालवण्यावर केलेली ही एकच सूचना. ती बरोबर होती, म्हणून मी काही बोलले नाही.

ठाण्यात शिरल्यावर पहिल्या पंपावर काटा आधीच्या फोटोएवढा केला. पंपाची पावती ठेवली. परत द्यायच्या वेळेला अर्धा तास हाताशी होता. उशिराचा दंड तासावर असतो आणि तो भाड्याच्या तासापेक्षा जास्त असतो, तेव्हा कोपरी आणि तीन हात नाक्याचा हिशोब धरूनच शहरातून निघावं.

प्लॉटवर दुसरा पोरगा होता, हातात टॉर्च. डाव्या मागच्या दाराशी थांबला आणि म्हणाला, "हे नवीन दिसतंय." मी शनिवारचा व्हिडिओ दाखवला. त्यात मामांचं बोट त्याच जागेवर. त्याने तरी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी व्हिडिओ पाठवायला सांगितला, पाठवला. तेवढ्या वेळात मामा गाडीभोवती पुन्हा एक फेरी मारून आले आणि त्या पोराला म्हणाले, "उजव्या पुढच्या टायरचं अलाइनमेंट बघून घ्या. गाडी डावीकडं वढती. उद्याच्या गिऱ्हाइकाला तरास नको." पोराने ते खरंच वहीत लिहिलं.

डिपॉझिट आठवडाभरात आलं, टोलचे शंभर कापून. दाराच्या डेंटचे पैसे कापले नाहीत. भाडं, पेट्रोल, पार्किंग, टॅक्सी आणि टोल धरून खर्च चालकासकट गाडीच्या पॅकेजपेक्षा थोडा कमीच झाला. फार नाही, पण वाहतूक भवनापाशी त्या पॅकेजवाल्याचा मीटर मोजत बसावं लागलं नाही, ते वेगळं. नाताळात मामींची बहीण येणार आहे. तिला घारापुरी बघायचीय, म्हणजे गेटवेच्या बोटीपर्यंत गाडी न्यायची की सरळ लोकल-टॅक्सी, यावर सध्या मामांशी रोज फोनवर वाद चालू आहे.